कर नाही त्याला डर कशाला?

"मामा, मी जिवंत आहे हे सिद्ध झालं. मी मीच आहे हेही झालं. आता फक्त मी राहतो कुठे, तेवढं सिद्ध होत नाहीये!"

भाचा फोनवर हसत होता, पण ते हसणं काही खरं नव्हतं. २०२५ चा पावसाळा. ताईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरलेली. मेडिक्लेम सोडून दीड लाखाच्या आसपास खिशातून भरायचे होते, आणि त्यातले सव्वा लाख एका क्रिप्टो एक्स्चेंजवर अडकून पडलेले.

घरातली मोठी माणसं हे वाचत असतील तर त्यांनी एव्हाना कपाळाला हात लावला असेल. "क्रिप्टो? आपल्या घरात?" तर मंडळी, आधीच सांगून टाकतो. भाच्याने २०२१ च्या जानेवारीत पहिल्या नोकरीच्या पगारातून चाळीस हजारांचं बिटकॉइन घेतलं होतं. ते तेव्हा बेकायदेशीर नव्हतं, आजही नाही. रिझर्व्ह बँकेने २०१८ साली बँकांना या धंद्याशी संबंध ठेवायला मनाई केली होती, ती सुप्रीम कोर्टाने ४ मार्च २०२० ला रद्द केली. त्यानंतरच त्याने घेतलं, तेही पॅन कार्ड देऊन, बँकेतून पैसे वळते करून. मी तेव्हा "जुगार आहे हा" म्हणून त्याला झापलं होतं. माझं मत अजूनही तेच आहे. पण आजचा विषय तो नाही.

पुढे २०२२ च्या नोव्हेंबरात एफटीएक्स नावाचं परदेशातलं बडं एक्स्चेंज बुडालं. जगभरच्या लोकांचे पैसे अडकले. ते पाहून या शहाण्याने आपलं बिटकॉइन एक्स्चेंजवरून काढून स्वतःच्या वॉलेटमध्ये ठेवलं. (वॉलेट म्हणजे खिशातलं पाकीट नव्हे हो. एक गुप्त किल्ली असते, ती ज्याच्याकडे त्याचं नाणं.) आणि आता आईच्या ऑपरेशनसाठी ते विकायला म्हणून जिथून घेतलं होतं त्याच एक्स्चेंजवर परत आणलं. तिथे ते 'तपासणीसाठी' थांबलं. हे कोणाच्या वॉलेटमधून आलं? ते वॉलेट तुमचंच कशावरून? पैशाचा स्रोत काय? आणि हो, तुमचं केवायसी जुनं झालंय, नव्याने करा.

त्याने सगळं केलं. मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, डोळे मिचकावले, सेल्फी दिला. वॉलेटचे स्क्रीनशॉट दिले. २०२१ ची खरेदी आणि २०२२ ला बाहेर काढल्याची नोंद तुमच्याच वहीत आहे, हे त्यांना तारखेनिशी दाखवून दिलं. सगळं पटलं. मग गाडी पत्त्यावर येऊन अडली.

ताईची चाळ गिरगावात आहे. म्हणजे होती. पुनर्विकासात पाडली. भाच्याच्या आधारवर अजून तोच पत्ता आहे, दुसरा माळा, खोली नंबर सकट. त्या जागी आता पत्र्याचं कुंपण, एक मोठा खड्डा आणि एक क्रेन आहे. ही मंडळी बिल्डरच्या भाड्यावर कांदिवलीला राहतात. भाडेकरार भाओजींच्या नावावर, लाइटचं बिल घरमालकाच्या नावावर. भाच्याने फॉर्मवर प्रामाणिकपणे कांदिवलीचा पत्ता लिहिला, आणि तिथेच चुकला. आता एक्स्चेंजला त्याच्या स्वतःच्या नावावरचं, दोन महिन्यांच्या आतलं बिल हवं होतं. त्याने खड्ड्याचा पत्ता लिहिला असता तर तो आधारशी जुळला असता आणि काम दुसऱ्या दिवशी झालं असतं!

हे ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्या नियमाखाली खरं बोलणारा अडकतो आणि खोटं लिहिणारा सुटतो, तो नियम नेमका कोणाला पकडायला केलाय?

गिरगाव, लालबाग, परळ, शिवडी... आमच्या ओळखीत अशी कितीतरी घरं आहेत. चाळ पडली, टॉवर उठायचाय, मधली पाच-सात वर्षं माणूस कुठेतरी दहिसर-विरारला. रेशनकार्ड एका पत्त्यावर, गॅस दुसऱ्या, माणूस तिसऱ्या. यात संशयास्पद काहीही नाही. याला मुंबईत राहणं म्हणतात.

आता कोणी म्हणेल, मामा केवायसीच्या विरुद्ध दिसतायत. अजिबात नाही! उलट नाव-गाव विचारलंच पाहिजे असं मी ठामपणे मानतो, आणि त्याचं कारण मी स्वतः खाल्लेला एक दणका आहे.

मी गिरगावातल्या एका सहकारी बँकेत एकतीस वर्षं नोकरी केली. त्या काळी खातं उघडायला 'ओळख' लागायची. जुन्या खातेदाराने फॉर्मवर सही करायची की या माणसाला मी इतकी इतकी वर्षं ओळखतो. झालं. लोक आजही त्या दिवसांची आठवण काढून उसासे टाकतात, "तेव्हा बँकेत माणुसकी होती." होती ना! पण मी आत बसलेला होतो, म्हणून सांगतो. एकदा साहेबांच्या ओळखीचा म्हणून एक गृहस्थ आले आणि ओळख देणारा म्हणून सही मी केली. 'चार वर्षांपासून ओळखतो' असं लिहिलं. त्या माणसाला मी आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, ते सही करताना. आठ महिन्यांनी पोलीस आले. त्या खात्यात दुसऱ्याच्या नावाचे चेक वटवून पैसे काढून नेले होते. साहेब म्हणाले, मी कुठे सही केलीय? नोकरी वाचली, पण त्यानंतरचे काही महिने मी झोपेतून दचकून उठायचो. शिवाय त्या ओळखीच्या पद्धतीत परगावाहून आलेल्या, कोणी कोणी नसलेल्या माणसाला खातं मिळायचंच नाही. तेव्हा जुनं ते सोनं वगैरे मला सांगू नका.

दुसरं कारण याहून मोठं आहे. १२ मार्च १९९३ ला जे या भागात होते त्यांना ते सांगायला नको. झवेरी बाजार, प्लाझा, सेंच्युरी बाजार... एका दुपारी २५७ माणसं गेली. स्मगलिंगच्या पैशावर पोसलेल्या टोळीने ते केलं होतं. पैसा कुठून आला आणि कुठे गेला हे विचारणारं कोणी नसलं की काय होतं, ते आमच्या या शहराने पाहिलंय. त्यामुळे "आमचा पैसा, आमचं नाणं, सरकार कोण विचारणारं?" असं म्हणणाऱ्या तरुण क्रिप्टोभक्तांशी माझं जमत नाही. जमायचंही नाही.

मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा २००२ चा. तो १ जुलै २००५ पासून लागू झाला. क्रिप्टोचा धंदा त्याच्या कक्षेत आला ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने. तेव्हापासून एक्स्चेंजना एफआययू या सरकारी संस्थेकडे नोंद करावी लागते, ग्राहकाची ओळख पटवावी लागते, नोंदी जपाव्या लागतात, संशयास्पद व्यवहार कळवावे लागतात. शिवाय एका एक्स्चेंजवरून दुसरीकडे नाणं पाठवताना पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव त्या व्यवहाराबरोबर गेलं पाहिजे. बँकांना हे पूर्वीपासून आहे. मनी लाँडरिंगवर नजर ठेवणाऱ्या एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१९ साली ते क्रिप्टोलाही लावलं. मनीऑर्डरच्या फॉर्मवर दोन्ही नावं लागायचीच की! यात वावगं काय?

वावगं आहे ते पुढे. हा कायदा नीट वाचा. ओळखण्याची जबाबदारी त्याने संस्थेवर टाकली आहे. तुम्ही तुमचा ग्राहक ओळखा, असं कायदा संस्थेला सांगतो. प्रत्यक्षात काय होतं? संस्था ग्राहकाला सांगते, तू स्वतःला ओळखवून दाखव. पुन्हा दाखव. अजून एकदा दाखव. आणि ढीगभर कागद गोळा झाले की फाईल पूर्ण, साहेब खूश. ओळखपत्र मिळालं, ओळख कुठे झाली? चार वर्षांपूर्वी तुम्हीच विकलेलं नाणं, तुमच्याच दारातून बाहेर गेलेलं, त्याच माणसाने परत आणलं, हे ज्याला कळत नाही तो कसला आपला ग्राहक ओळखतो?

आता ज्यांच्यासाठी हे सगळं केलं त्यांच्याकडे बघू.

दादरला टोरेस नावाचं झगमगीत दुकान २०२४ च्या फेब्रुवारीत उघडलं. मॉइसनाइट नावाचे हिऱ्यासारखे दिसणारे खडे घ्या आणि त्यावर आठवड्याला सहा टक्के मिळवा, पुढे पुढे तर अकरापर्यंत. आठवड्याला! दादरचे भाजीवाले, फेरीवाले, नोकरदार, सगळे पैसे घेऊन रांगेत. ६ जानेवारी २०२५ ला दुकानाला टाळं आणि बाहेर हजारोंची गर्दी. तपास यंत्रणांचं म्हणणं असं की गोळा झालेल्या रोख रकमेचा मोठा हिस्सा हवाल्यातून आणि यूएसडीटी या क्रिप्टोत बदलून देशाबाहेर गेला. परदेशी सूत्रधार त्याआधीच पसार. मला सांगा, पोती भरून रोकड क्रिप्टोत बदलत होती तेव्हा कोणी कोणाला मान डावीकडे वळवायला सांगितली होती का? लाइटचं बिल मागितलं होतं का? कंपनी मात्र रीतसर नोंदलेली होती बरं का. कागद सगळे जागच्या जागी!

आणि हे क्रिप्टोतच होतं असंही नाही. २०१९ च्या सप्टेंबरात पीएमसी बँकेवर निर्बंध आले. खातेदारांना पहिल्यांदा फक्त एक हजार रुपये काढता येत होते. प्रत्येक खातेदाराचं केवायसी झालेलं, फोटो चिकटवलेले, झेरॉक्सवर सह्या केलेल्या. आणि त्याच बँकेत एका बिल्डरची थकलेली कर्जं लपवायला २१ हजारांवर बनावट कर्जखाती दाखवल्याचं पोलिसांकडच्या तक्रारीत निघालं. एकवीस हजार न-माणसं! त्यांना पत्त्याचा पुरावा कोणी मागितला नाही. पेन्शनरांना मागितला.

तिसरं उदाहरण वझीरएक्सचं. मुंबईचंच एक्स्चेंज. १८ जुलै २०२४ ला तिथून सुमारे २३ कोटी डॉलरचं क्रिप्टो चोरीला गेलं. ही चोरी उत्तर कोरियाच्या हॅकर्सनी केली असं अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केलं. ज्यांनी आधार, पॅन, सेल्फी सगळं दिलं होतं ते वर्षाहून जास्त काळ पैशाची वाट पाहत बसले. म्हणजे आम्ही कोण हे सगळ्यांना ठाऊक, आमचे पैसे कुठे गेले ते विचारल्यावर उत्तर नाही.

इथे माझे एक स्नेही (निवृत्त सरकारी अधिकारी, दुसरं कोण?) नेहमीची म्हण ऐकवतात. "कर नाही त्याला डर कशाला?" प्रामाणिक माणसाने कागद द्यावेत आणि मोकळं व्हावं.

अहो, पण त्या भाच्याने कर सुद्धा भरायची तयारी ठेवलीय! क्रिप्टोतल्या नफ्यावर २०२२ पासून सरळ तीस टक्के कर आहे. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. वर त्याच वर्षीच्या जुलैपासून विक्रीवर एक टक्का टीडीएस, तो पॅनवर नोंदला जातो. म्हणजे सरकारला सगळं दिसतंय. कर आहे आणि तरीही डर आहे, अशी ही गंमत.

आणि डर कशाची ते सांगतो. आपलं उत्तर चुकेल याची नाही. उत्तर ऐकायला पलीकडे कोणी नाही, याची. भाच्याला दर वेळी तिकीट नंबर यायचा आणि 'आपली विनंती तपासली जात आहे' असा निरोप. एकदाही माणसाचा आवाज नाही. मी काउंटरवर बसत होतो तेव्हा खडूस होतो, मान्य. पण माझ्या समोर येऊन "अहो, असं काय करताय?" असं ओरडता तरी येत होतं.

डोळे मिचकावण्याचंही तसंच. ज्यांच्या चेहऱ्यावर ॲसिड टाकलं गेलं, ज्यांना डोळे मिटता येत नाहीत, त्यांना या यंत्राने जिवंत मानायला नकार दिला. त्या बायकांना सुप्रीम कोर्टात जावं लागलं. ३० एप्रिल २०२५ ला कोर्टाने सांगितलं की अशा डिजिटल सोयींपर्यंत पोचणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि केवायसीच्या पद्धती बदलायचे वीस निर्देश दिले. पापणी लवत नाही म्हणून माणसाला देशाच्या सर्वोच्च न्यायालयात जावं लागतं! कर नाही त्याला डर कशाला म्हणणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

सतत कागद मागण्याचा अजून एक तोटा, तो विशेषतः आपल्या काका-काकूंसाठी लिहितो. "केवायसी अपडेट करा, नाहीतर खातं बंद होईल," हा निरोप इतक्यांदा खरा येतो की खोटाही खराच वाटतो. चोरांनी हेच वाक्य उचललंय. लिंक दाबली की खातं साफ. काळा पैसा रोखायला केलेला नियम चोरांच्या हातातलं आमिष झालाय. असल्या लिंकवर बोट लावू नका, सरळ शाखेत जा. आणि माहितीत काहीच बदल नसेल तर नुसतं तसं लिहून दिलं तरी पुरतं, शाखेत यायचीही गरज नाही, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२३ मध्येच बँकांना स्पष्ट सांगितलंय. हे काउंटरवर बिनधास्त सांगा. मी सांगतो.

मग करायचं काय? माझं मागणं फार मोठं नाही.

एक, एकदा घेतलेली ओळख एकदाच घ्या. २०१६ पासून देशात केंद्रीय केवायसी नोंदणी आहे, प्रत्येकाला चौदा आकडी नंबर मिळतो. मग दर दारात नवा झेरॉक्स कशाला? दोन, पैसे अडवले तर कारण लेखी द्या, किती दिवसांत सोडवणार ते लिहा, आणि सही करणाऱ्या माणसाचं नाव द्या. मी माझं नाव दिलंय, तुमचंही कळू दे की! तीन, पत्त्याला ओळख समजू नका. चार, नजर वर ठेवा. एफआययूने २०२३ च्या डिसेंबरात नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा काढल्या आणि जून २०२४ मध्ये त्यातल्या बायनान्सला १८ कोटी ८२ लाखांचा दंड केला. मी तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या. कायद्याचं खरं काम हे. खोली नंबर सतरामधल्या पोराला महिनाभर टांगून ठेवणं हे त्याचं काम नाही.

तर भाच्याचं पुढे काय झालं? मी रिटायर झालो असलो तरी नियम वाचायची खोड गेलेली नाही. दोन रात्री बसून या कायद्याखालचे नियम वाचले. नियम ९ मध्ये चक्क लिहिलंय की आधारवरून ओळख पटवलेल्या ग्राहकाचा सध्याचा पत्ता आधारपेक्षा वेगळा असेल, तर त्याने तसं स्वतः लिहून द्यावं. बस! बिल नको, करार नको. नियम करणाऱ्याला मुंबईची चाळ ठाऊक होती म्हणायची. राबवणाऱ्याला नव्हती. भाच्याने तो नियम जसाच्या तसा लिहून पाठवला. चौथ्या दिवशी पैसे सुटले. पहिल्या दिवसापासून मोजले तर सत्तावीस दिवस.

ऑपरेशन त्याआधीच झालं होतं. ताईने आईच्या वेळच्या पाटल्या गहाण ठेवल्या. मीच बरोबर गेलो होतो. पाऊण तासात काम झालं. पाटल्या कुठून आल्या याची पावती आमच्याकडे नव्हती, साठ वर्षांपूर्वीची पावती कोण ठेवतो? तिथल्या मुलीने वजन केलं, कस लावला, आणि 'हे दागिने माझेच आहेत' अशा एका ओळीखाली ताईची सही घेतली.

ताईने सही केली, कागद परत दिला आणि नुसत्या मनगटाकडे बघून मला म्हणाली, "बघ, इथे माझ्या शब्दावर विश्वास ठेवला."

पाटल्या नंतर सोडवल्या. ताई आता काठीशिवाय चालते. वाक्य मात्र माझ्या डोक्यातून जात नाही.

असो.